लाल की हिरवं

चष्मेवाल्यांची लेक जेवता जेवता एवढंच म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी आपण तिघं एकदा बर्फावर जाऊ या. स्कीइंगला." आणि चष्मेवाले "जाऊ" म्हणाले. लगेच म्हणाले. बायकोनं डाव तसाच पातेल्यावर धरून नवऱ्याकडे निरखून पाहिलं. ताप वगैरे नाही ना, म्हणून. कारण या गृहस्थांनी आयुष्यात लगेच असं काही केलेलं नव्हतं. लग्नाचा होकारसुद्धा तिनंच दोघांच्या वतीनं देऊन टाकला होता. दुकानावरची पाटी अजून आधीच्या चपलांच्या दुकानाचीच होती, कारण नव्या पाटीवरची अक्षरं सरळ हवीत की तिरकी, हा प्रश्न दुकान थाटलं त्या दिवसापासून विचाराधीन होता. अधूनमधून एखादी बाई आत येऊन सँडल दाखवा म्हणायची. चष्मेवाले तिला बसवून घ्यायचे, डोळे तपासायचे आणि चष्मा लावून परत पाठवायचे. त्यामुळे पाटी बदलायची तशी निकडही नव्हती.

लेकीला घरात छकुली म्हणत. बापापेक्षा ती चांगली वीतभर उंच झाली तरी नाव तेच राहिलं. तिला लांबच्या देशात नोकरी लागली होती. हिवाळा सरला की रुजू व्हायचं, आणि कंपनीनं आधीच बजावलं होतं की पहिली काही वर्षं मोठ्या रजेचं नावही काढू नका. म्हणजे हा हिवाळा शेवटचा. कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं, पण घरातल्या तिघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती दोन माहितीपत्रकं घेऊन आली. एक लाल, एक हिरवं. दोन रिसॉर्ट. दोन्हीकडे बर्फ, दोन्हीकडे शिकवणारे लोक, दोन्हीकडे लाकडी खोल्या आणि खिडकीत डोंगर. एकाच्या घरांची छपरं लाल, दुसऱ्याच्या घरांची हिरवी, एवढाच काय तो डोळ्यांत भरणारा फरक.

"मला दोन्ही सारखंच, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं बोट ठेवा, मी फोन करते."

इथं चष्मेवाल्यांच्या धंद्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. दिवसभर ते अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढवतात आणि एकामागून एक भिंगं बदलत विचारतात, हे बरं की ते? आता? आणि आता? सगळ्यात शेवटी समोरच्या पाटीवर अर्धा भाग लाल आणि अर्धा हिरवा दिसतो. दोन्हींत तीच अक्षरं. "लालातली ठळक की हिरव्यातली?" लाल म्हटलं की एक भिंग, हिरवं म्हटलं की दुसरं. असं करता करता एका क्षणी समोरचा माणूस म्हणतो, "सारखीच दिसतात." मग चष्मेवाले दिवा लावतात आणि म्हणतात, "झालं. हाच तुमचा नंबर." मात्र पहिल्याच भिंगाला "सारखीच" म्हणणारा माणूस नीट बघत नसतो, असा त्यांचा अनुभव होता. अशा माणसाला ते प्रेमानं दटावत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

"असं घाईनं नाही ठरवायचं," ते लेकीला म्हणाले. "नीट पारखून जाऊ. एकदाच जायचंय."

एकदाच जायचंय, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. लेक जन्मभर लक्षात ठेवेल अशी सहल व्हायला हवी, म्हणजे चुकून दुसऱ्या क्रमांकाच्या जागी जाऊन कसं चालेल? त्यांनी दोन्ही पत्रकं दुकानातल्या मोठ्या दिव्याखाली मांडली. फोटोतल्या बर्फाची जाडी पट्टीनं मोजली. नकाशांचा मात्र उपयोग झाला नाही. दोघांनीही आपापलं गाव ऐसपैस काढून मागचा डोंगर कोराच सोडला होता.

सल्ल्याला तोटा नव्हता. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहत. ते स्वतः लालवर जाऊन पाय मोडून आले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते काठी टेकत खाली आले.

"लालवरच जा," ते म्हणाले. "तिथला बर्फ मऊ."

"पण तुमचा पाय तर तिथंच मोडला ना?"

"छे हो. चढलो लालवर. पाय मोडला तो हिरव्यात. लोकांनी मला हिरव्यातच उचललं."

चष्मेवाले कळवळले. डोक्यालाही मार लागला असावा, असं त्यांनी रात्री बायकोला हळू आवाजात सांगितलं. बायको वाचनालयात काम करते. दिवसभर हळू आवाजातच बोलून ऐकून तिला कंटाळा आलेला असतो. ती मोठ्यांदा म्हणाली, "अहो, लेक जाईल तिकडे, तुम्ही बसा पट्टी घेऊन."

दुसरा सल्ला मेहुण्याचा. बायकोच्या या धाकट्या भावानं बर्फ फक्त फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पाहिला होता, पण माहिती नसणं हे त्याच्या बोलण्याच्या आड कधी आलं नाही. "भाऊजी, आधी घरी सराव करून बघा," तो म्हणाला. "तुमचा डावा पाय जोरकस निघाला तर लाल, उजवा निघाला तर हिरवं." यामागचं शास्त्र त्यानं समजावूनही सांगितलं, ते कुणालाच परत सांगता येणार नाही. कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्यानं दोन जुन्या स्की पट्ट्या पैदा केल्या, चष्मेवाल्यांच्या बुटांना सुतळीनं करकचून बांधल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जुनी गादी उसवून पसरली. बर्फ मऊ असतो, असं त्याचं म्हणणं होतं. चष्मेवाले त्या गादीवर उभे राहून डावा आधी की उजवा, याचा विचार करत होते. विचार पूर्ण व्हायच्या आत गादी निघाली. गादीबरोबर चष्मेवाले निघाले. वळणावर इंजिनिअर काठी घेऊन वर येत होते; त्यांनी अनुभवी माणसासारखं भिंतीला पाठ लावून वाट दिली आणि मागून म्हणाले, "गुडघे वाकवा."

घोटा सुजला. कुठल्या पायाचा, हे इथं सांगून उपयोग नाही, कारण सूज दोन्हीला सारखीच होती. चष्मेवाले कॉटवर पडून राहिले आणि कापसाचे कण पुढं कितीतरी दिवस इमारतीत सगळ्यांच्या केसांत सापडत राहिले. छकुलीनं दोन्ही पायांना पट्टी बांधली. "बाबा, अजून वेळ आहे," ती म्हणाली. "पण आता बोट ठेवा बरं का." तिनं तिघांसाठी लोकरीच्या टोप्या आणून ठेवल्या होत्या, एकसारख्या, वर गोंडा असलेल्या. तिनं बापाला टोपी घालून बघितली. चष्मेवाल्यांना स्वतःचं रूप हास्यास्पद वाटलं, पण ती इतकी हसत होती की त्यांनी टोपी काढली नाही.

कॉटवर पडल्या पडल्या त्यांनी फोनचं काम हाती घेतलं. लालवाल्यांकडे फोन उचलणारा माणूस सभ्य होता, पण बिचाऱ्याला भयंकर सर्दी झाली होती. हिरव्यावाल्यांकडचाही सभ्य, आणि त्यालाही सर्दी. बर्फाच्या गावी सगळ्यांनाच होत असणार, असं चष्मेवाल्यांनी मनाशी धरलं. ते दोघांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारत, म्हणजे तुलना निर्दोष राहते. "तुमच्याकडे सकाळी ऊन आधी कुठं येतं?" "आमच्याकडे आधी येतं साहेब, पलीकडे उशिरा." मग हिरव्याला. "संध्याकाळचं ऊन म्हणाल तर आमच्याकडेच जास्त वेळ राहतं, साहेब." एकदा त्यांनी हिरव्याला जरा खिजवूनच पाहिलं, "लालवाले तर सांगतात, त्यांचा बर्फ जास्त चांगला." पलीकडून दोन शिंका आल्या. "सांगत असतील साहेब," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "त्यांनाही पोट आहे."

तुलना अशी रंगात आली असताना घोडं नव्याच ठिकाणी अडलं. चष्मा लावणाऱ्या पाहुण्यानं नजरेच्या तज्ज्ञाचा दाखला आणायला हवा, असा दोन्हीकडचा नियम. चष्मेवाल्यांना हसू आलं. त्यांनी दुकानाच्या कागदावर स्वतःलाच झकास दाखला लिहिला, शिक्का मारला आणि धाडून दिला. तो परत आला. स्वतःचा दाखला स्वतः देता येत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. आणि गावात दुसरा चष्मेवाला होता एकच, तो रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर. दोघांत बोलणं नव्हतं. त्याच्या पाटीवर अक्षरं होती, सरळ आणि तिरकी दोन्ही, आणि ती रात्री दिव्यानं उजळत.

चष्मेवाले मफलर नाकापर्यंत ओढून रस्ता ओलांडून गेले. समोरच्यानं त्यांना ओळखलं नाही असं दाखवलं, हेच फार लागलं त्यांना. खुर्चीवर बसवलं, फ्रेम चढवली, दिवा मालवला. या बाजूनं ती खोली किती अंधारी असते, हे चष्मेवाल्यांना ठाऊकच नव्हतं.

"लालातली ठळक की हिरव्यातली?"

चष्मेवाले बघू लागले. लाल जरा उबदार वाटत होतं. पण हिरव्यातल्या अक्षरांच्या कडा काय सुरेख होत्या. पुन्हा लाल पाहिलं तर मघाशी दिसलं तसं दिसेना. त्यांनी मान किंचित वाकडी केली. बाहेर बाकावर बसलेली गिऱ्हाइकं खोकू लागली.

"अहो," समोरचा शेवटी अंधारातच म्हणाला, "सारखी दिसत असतील तर सारखी म्हणा. तुम्हीही हेच तर सांगता ना लोकांना?"

म्हणजे ओळखलं होतंच. चष्मेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या भरात ते "लाल" म्हणून मोकळे झाले आणि त्यांचा नंबर उगाचच जरासा वाढला. नव्या नंबरानं जिन्याच्या पायऱ्या किंचित जवळ दिसत. दाखला मात्र मिळाला.

आता फक्त बोट ठेवायचं बाकी होतं. छकुलीनं शेवटचा आठवडा राखून ठेवला होता. त्यानंतर सामानाची बांधाबांध आणि जाणं. बायको म्हणाली, आज ठरवा. मेहुणा म्हणाला, नाणं उडवा. चष्मेवाल्यांना मात्र एक नामी युक्ती सुचली आणि त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. दोन्हीकडे जागा धरून ठेवायची. निघायच्या सकाळी हवा कशी आहे ते बघायचं आणि मग जायचं. खोटं नाव देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोन्हीकडे त्यांनी स्वतःचंच नाव दिलं, त्याच तारखा दिल्या, तिघंजण म्हणून सांगितलं. घरी कुणाला बोलले नाहीत. लेकीला म्हणाले, "ठरलं." कुठलं, ते गुपित ठेवलं. ती बापाच्या गळ्यातच पडली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पिशव्या दाराशी रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांच्यावर तीन टोप्या. फोन चष्मेवाल्यांनीच उचलला.

"साहेब, एकाच नावानं, त्याच तारखांना दोन आरक्षणं झाली आहेत," सर्दीचा आवाज म्हणाला. "नियमाप्रमाणे दोन्ही रद्द झाली. वाईट वाटतं सांगायला."

"पण तुम्हाला हे कळलं कसं? तुम्ही लालवाले की हिरवेवाले?"

"आम्हाला कळतं, साहेब."

"मग एक तरी ठेवा. कुठलंही ठेवा."

"खोल्या लगेच दुसऱ्यांना गेल्या. हंगाम संपत आलाय ना." शिंक आली आणि फोन बंद झाला.

कुठलंही ठेवा, हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. छकुली दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तिनं पिशव्यांवरच्या टोप्या उचलल्या, एक स्वतःच्या डोक्यावर घातली आणि म्हणाली, "असू दे, बाबा. पुढच्या वेळी." ओरडली असती, आदळआपट केली असती, तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं. बायकोनं पिशवी सोडून कपडे परत कपाटात लावायला घेतले. त्या आठवड्यात छकुली घरातच सामान बांधत बसायची आणि मधूनमधून ती टोपी घालायची. घरात चांगलं उकडत होतं. चष्मेवाले दुकानात लोकांना भिंगं दाखवत राहिले आणि लोक काय उत्तर देतात, तिकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही.

विमानतळावर निरोप द्यायला दोन काचा होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. आत गेलेलं माणूस कुठल्या काचेतून जास्त वेळ दिसतं, असा प्रश्न चष्मेवाल्यांच्या मनात आला. डावीकडे गर्दी कमी होती, उजवीकडून रांग पुढपर्यंत दिसत होती. ते डावीकडून निघून उजवीकडे चालले होते, तेव्हा मध्ये भिंत होती. छकुलीनं मागं वळून हात केला तो नेमका तेव्हा. बायको डावीकडच्या काचेशीच उभी होती, तिला दिसला. घरी परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "टोपी घातली होती तिनं."

त्यानंतर काही दिवसांनी बायको भर दुपारी दुकानात आली. हातात पिशवी होती. "उठा," ती म्हणाली. "बस आहे."

"कुठं जायचंय?"

"बसमध्ये बसल्यावर सांगते."

तिनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. उतरले तेव्हा छपरं लाल होती. बर्फ जागोजागी विरघळून खालचं पिवळं गवत दिसत होतं. स्कीइंग बंद झालं होतं, रोपवेचे पाळणे तेवढे चालू होते. खोलीत पिशवी टाकून दोघं पाळण्यात बसले आणि डोंगरमाथ्यावर गेले. वर एक लाकडी खोली होती आणि खोलीत टेबलाशी एक माणूस रुमालात नाक शिंकरत बसला होता. त्याच्यासमोर दोन फोन होते. एक लाल, एक हिरवा.

चष्मेवाले दारातच थबकले. माणसानं मान वर केली. "सकाळचं ऊन विचारणारे साहेब का?" तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून चष्मेवाल्यांनी नुसती मान हलवली. "या, या. बरं झालं आलात." आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला.

खोलीच्या मागं बाक होता. बाकावर बसलं की उजव्या हाताला खाली लाल छपरं दिसत होती आणि डाव्या हाताला हिरवी. एकच डोंगर होता. दोन बाजूंना दोन पाळणे. एका तिकिटात कुठूनही चढा, कुठंही उतरा. इंजिनिअर लालवर चढून हिरव्यात पाय मोडून घेऊ शकले ते असे. चष्मेवाले बराच वेळ इकडे पाहत होते आणि मग तिकडे. बायकोनं खांद्यावरच्या पर्समधून टोप्या काढल्या, एक त्यांच्या हातात दिली, एक स्वतः घातली.

"काय मग," ती म्हणाली. "लाल की हिरवं?"

"सारखंच गं," चष्मेवाले म्हणाले.

"ती म्हणालीच होती."

"काय?"

"मला दोन्ही सारखंच, बाबा. पत्रकं आणली त्याच दिवशी म्हणाली."

चष्मेवाल्यांनी टोपी हातातच फिरवली. आयुष्यभर ते अनोळखी माणसांच्या तोंडून हाच एक शब्द ऐकायला वाकून उभे राहिले होते. तो ऐकला की थांबायचं, दिवा लावायचा. आणि घरात पोरीनं तोच शब्द सांगितला, तेव्हा त्यांना वाटलं, ही नीट बघत नाहीये. ती तर डोंगराकडे बघतच नव्हती. तिला कुणाबरोबर जायचंय तेवढंच तिनं पाहिलं होतं. हे त्यांना तिथं बाकावर बसल्यावर कळलं. त्यांनी टोपी घातली आणि गोंडा नीट वर आहे ना, हे बायकोकडून बघून घेतलं.

सर्दीवाला खोलीतून बाहेर आला. "साहेब, शेवटचे पाळणे सुटतायत. कुठल्या बाजूला उतरणार?"

बायकोनं सवयीनं बाकावर पर्स परत टेकवली, वेळ लागणार म्हणून. पण चष्मेवाले ताडकन उठले, तिचा हात धरला आणि जो पाळणा जवळ होता त्यात तिला बसवून स्वतः बसले. एक क्षणही विचार केला नाही. बायकोनं ओढाओढीत पर्स तेवढी उचलली होती. पाळणा सुटला, वारा तोंडावर येऊ लागला, आणि बऱ्याच दिवसांनी चष्मेवाल्यांना छातीत हलकं वाटलं. अर्ध्या वाटेवर खाली छपरं स्पष्ट दिसू लागली. हिरवी होती. त्यांची खोली आणि पिशवीतले गरम कपडे लाल छपराखाली, डोंगराच्या पलीकडे.

हिरव्याच्या बसथांब्यावर, टोपीच्या आत कान दाबून कुडकुडत, त्यांनी छकुलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. त्यांनी सगळं सांगितलं, दोन फोनही सांगितले, इंजिनिअरचा पायही सांगितला, आणि शेवटी आपण कसे झटक्यात पाळण्यात बसलो तेही. ती हसत सुटली. तिचं हसणं थांबेना. बायकोनं कान फोनजवळ आणला. मग पलीकडचं हसू हळूहळू विरलं.

"मी असते ना, बाबा," ती म्हणाली, "तर म्हटलं असतं, थांबा, आपलं सामान त्या बाजूला आहे."

"हो," चष्मेवाले म्हणाले. "तू असतीस तर."